मतदारराजा कानाचा हलका आहे काय?

लोकशाहींत मतदार हा राजा असतो, असें नेहमीं म्हटलें जातें. राजा म्हटला कीं त्याच्या कानाशीं लागणारीं माणसेंहि आलींच. जुन्या गोष्टींतील राजे बहुधा कानाचे हलके असत. प्रधानानें एक सांगितलें तर तें खरें, आणि धाकट्या राणीनें त्याच्या उलट सांगितलें तर तेंहि खरें! आजच्या मतदारराजाच्या कानाशीं वर्तमानपत्रें, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि हातांतील मोबाईल अशीं अनेक तोंडें लागलेलीं आहेत. तेव्हां साहजिकच प्रश्न पडतो कीं, हा नवा राजाहि तसाच कानाचा हलका आहे काय? जो मोठ्यानें व वारंवार बोलेल त्याच्या सांगण्यावरून तो आपलें मत देतो, कीं त्याच्या मनांत कांहीं आधींच ठरलेलें असतें?

या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांइतका सोयीचा देश क्वचितच सांपडेल. १७९२ सालापासून दर चार वर्षांनीं तेथें अध्यक्षाची निवडणूक होत आली आहे. १८६४ सालीं देशांत यादवी युद्ध पेटलेलें होतें व १९४४ सालीं महायुद्ध चालू होतें; पण निवडणूक चुकली नाहीं. शिवाय तेथील विद्वानांनीं मतदाराच्या मनाचा जितका कसून शोध घेतला आहे, तितका फारच थोड्या देशांत घेतला गेला असेल.

प्रथम १९३६ सालची निवडणूक पाहावी. डेमोक्रॅटिक पक्षाचे फ्रँक्लिन रूझवेल्ट दुसऱ्यांदा उभे होते. रिपब्लिकन पक्षातर्फे कॅन्सस राज्याचे गव्हर्नर आल्फ्रेड लँडन उभे होते. देशांतील बहुतेक मोठीं वर्तमानपत्रें रूझवेल्ट यांच्या विरुद्ध होतीं. ‘लिटररी डायजेस्ट’ नांवाच्या एका प्रतिष्ठित साप्ताहिकानें सुमारें १ कोटी लोकांना टपालानें नमुन्याच्या मतपत्रिका पाठविल्या. त्यांपैकीं सुमारें २३ लाख भरून परत आल्या, आणि त्यांच्या बेरजेवरून लँडन निवडून येणार असें भाकीत साप्ताहिकानें छापलें. प्रत्यक्ष मतमोजणी झाली तेव्हां ४८ पैकीं ४६ राज्यें रूझवेल्ट यांच्याकडे गेलीं. लँडन यांच्या पदरांत मेन व व्हर्माँट हीं दोनच राज्यें पडलीं.

चूक कोठें झाली? साप्ताहिकानें बरींचशीं नांवें टेलिफोनच्या व मोटारींच्या याद्यांवरून घेतलीं होतीं. मंदीच्या त्या दिवसांत घरीं टेलिफोन असणारा वर्ग निराळा आणि कामधंद्याच्या शोधांत वणवण करणारा वर्ग निराळा. शिवाय ज्यांना सरकारचा राग आला होता त्यांनीं मतपत्रिका हौसेनें परत धाडल्या. जे संतुष्ट होते त्यांनीं तितकी तसदी घेतली नाहीं. जॉर्ज गॅलप यांनीं फार थोड्या, पण सर्व थरांतून निवडलेल्या लोकांना विचारून रूझवेल्ट जिंकणार असें सांगितलें होतें. दोन वर्षांनीं, १९३८ सालीं, तें साप्ताहिक बंद पडलें. वर्तमानपत्रांचें मत म्हणजे लोकांचें मत नव्हे आणि मोठा आवाज म्हणजे मोठी संख्या नव्हे, हा धडा मात्र मागें राहिला. तरीहि तो वारंवार विसरला गेला. १९३६ नंतर ८० वर्षांनीं, २०१६ सालीं, बहुतेक मोठ्या वर्तमानपत्रांनीं हिलरी क्लिंटन यांना पाठिंबा दिला आणि निवडून आले डोनाल्ड ट्रम्प.

यावर कोणी म्हणेल कीं, रूझवेल्ट यांच्या हातीं वर्तमानपत्रांहून प्रभावी साधन होतें, तें म्हणजे नभोवाणी. यांत तथ्य आहे. १२ मार्च १९३३ च्या रविवारीं रात्रीं त्यांनीं नभोवाणीवरून पहिलें घरगुती भाषण केलें. देशांतील बँका तेव्हां बंद होत्या व लोकांत घबराट होती. बँक ठेवींचें काय करिते, हें त्यांनीं साध्या शब्दांत समजावून सांगितलें. आणि बँका पुन्हां उघडल्यावर ज्यांनीं पैसे काढून नेले होते तेच लोक ते परत ठेवावयास आले. एका आवाजानें लाखों माणसांची भीति घालविली, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु घाबरलेल्या माणसाला धीर देणें निराळें, आणि विरुद्ध पक्षाच्या माणसाचें मत फिरविणें निराळें. दुसरें काम किती अवघड असतें, हें १९४० सालीं दिसून आलें.

त्या वर्षीं कोलंबिया विद्यापीठांतील पॉल लाझर्सफेल्ड व त्यांचे सहकारी ओहायो राज्यांतील एरी परगण्यांत गेले. रूझवेल्ट आणि वेंडेल विल्की यांची ती लढत. त्यांनीं ६०० मतदार निवडले आणि मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत दर महिन्यास त्याच माणसांना भेटून, कोणाला मत देणार, काय वाचलें, काय ऐकलें, कोणाशीं बोललां, हें विचारलें. प्रचारामुळें मतें कशीं बदलतात हें त्यांना पाहावयाचें होतें. दिसलें तें निराळेंच. निम्म्याच्या सुमारास लोकांनीं आपलें मत मे महिन्यांतच, म्हणजे प्रचाराचा धुरळा उडण्यापूर्वींच, ठरविलेलें होतें. प्रचारामुळें एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेलेले लोक शेंकडा ८ च्या आसपास निघाले. सधन, प्रॉटेस्टंट व खेड्यांत राहणारा मनुष्य बहुधा रिपब्लिकन. गरीब, कॅथॉलिक व शहरांत राहणारा बहुधा डेमोक्रॅट. माणसाची सांपत्तिक स्थिति, त्याचा धर्मपंथ व त्याची वस्ती एवढें कळलें कीं त्याचें मत पुष्कळसें ओळखतां येई.

आणखी दोन गोष्टी या पाहणींत आढळल्या, आणि त्या अधिक मार्मिक आहेत. पहिली ही कीं, सर्वांत जास्त वाचणारे व ऐकणारे लोक तेच, ज्यांचें मत आधींच पक्कें झालें होतें. आणि ते मुख्यतः आपल्याच पक्षाचें वाचीत व ऐकत. ज्याचें मत ठरलें नव्हतें, त्याचें निवडणुकीकडे लक्षच कमी. जेथें पाणी हवें तेथें तें पोंचत नव्हतें, आणि भरलेल्या घागरींत मात्र एकसारखें ओतलें जात होतें. दुसरी गोष्ट ही कीं, जे लोक उशिरां ठरवीत त्यांच्यावर छापील मजकुरापेक्षां ओळखीच्या माणसाचा प्रभाव अधिक पडे. कारखान्यांतील एखादा जाणता सोबती, शेजारचा बहुश्रुत दुकानदार, नाहीं तर घरांतलेंच वडील माणूस. नभोवाणीवरील विचार आधीं अशा माणसांच्या कानांवर पडत आणि त्यांच्या तोंडून इतरांपर्यंत जात. ही सर्व हकीकत ‘द पीपल्स चॉइस’ या नांवानें १९४४ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं १९६० सालीं दाखवून दिलें कीं, बहुतेक अमेरिकन माणसांची पक्षनिष्ठा धर्माप्रमाणेंच आईबापांकडून आलेली असते व ती सहसा सुटत नाहीं.

म्हणजे मतदारराजा कानाचा हलका नाहीं; झालाच तर तो कानाचा जड आहे. मग वर्तमानपत्रें, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांना सत्ता मुळींच नाहीं असें समजावयाचें काय? तसेंहि नाहीं. त्यांची सत्ता निराळ्या ठिकाणीं आहे.

१९६८ सालच्या निवडणुकीच्या वेळीं मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोघांनीं नॉर्थ कॅरोलिनांतील चॅपल हिल या गांवीं, मत न ठरलेल्या १०० मतदारांना विचारलें कीं, देशापुढील मुख्य प्रश्न तुमच्या मतें कोणते? त्यांचीं उत्तरें, आणि वर्तमानपत्रांनीं व दूरचित्रवाणीनें ज्या प्रश्नांना अधिक जागा व वेळ दिला होता ते प्रश्न, यांचा क्रम जवळजवळ तंतोतंत जुळला. १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचें तात्पर्य असें कीं, काय मत बनवावें हें बातमीदार सहसा ठरवूं शकत नाहीं; पण कशाविषयीं मत बनवावें हें तो पुष्कळ अंशीं ठरवितो. निवडणूक महागाईवर लढली जाते कीं युद्धावर, गुन्ह्यांवर कीं परदेशांतून येणाऱ्या लोकांवर, यावर कोणत्या पक्षाचें पारडें जड होणार हें बरेंच अवलंबून असतें.

दुसरी सत्ता आहे ती मतदाराला घराबाहेर काढण्याची किंवा घरीं बसविण्याची. १९४८ सालीं थॉमस ड्यूई हे हॅरी ट्रूमन यांचा पराभव करणार, असें बहुतेक सर्वांनीं गृहीत धरलें होतें. गॅलप यांनीं तर मतदानाच्या दोनेक आठवडे आधींच आपली पाहणी थांबविली. ट्रूमन मात्र आगगाडीनें गांवोगांव फिरत राहिले आणि डब्याच्या मागील सज्जांतून बोलत राहिले. ३ नोव्हेंबरच्या ‘शिकागो डेली ट्रिब्यून’नें ड्यूई यांनीं ट्रूमन यांना हरविल्याचा ठळक मथळा छापला. पूर्ण मोजणींत ट्रूमन जिंकले, आणि सेंट लुईच्या स्थानकावर तोच अंक दोन्ही हातांनीं उंच धरून हंसत उभे राहिलेले त्यांचें छायाचित्र जगभर गाजलें. विजय घरीं चालून आलाच आहे असें ज्यांना रोज सांगितलें जात होतें, त्यांपैकीं कांहींजण मत द्यावयास गेलेच नाहींत, हें त्या निकालाचें एक कारण मानलें गेलें.

२६ सप्टेंबर १९६० रोजीं शिकागोमध्यें जॉन केनेडी व रिचर्ड निक्सन यांचा समोरासमोर वाद झाला आणि सुमारें ७ कोटी लोकांनीं तो दूरचित्रवाणीवर पाहिला. निक्सन दुखण्यांतून नुकतेच उठले होते व पडद्यावर थकलेले दिसत होते. केनेडी टवटवीत दिसत होते. पाहणाऱ्यांना केनेडी जिंकलेसें वाटलें व नभोवाणीवर ऐकणाऱ्यांना निक्सन, ही कथा नेहमीं सांगितली जाते. तिचा आधार मात्र अगदीं तोकडा आहे. मात्र निवडणूक अतिशय अटीतटीची झाली हें निर्विवाद. पावणेसात कोटींहून अधिक मतांत केनेडी यांची आघाडी सव्वा लाखाहूनहि कमी होती.

येथें अमेरिकेची मतमोजणीची रीत समजून घेतली पाहिजे. कारण थोड्याशा मतांना तेथें एवढें वजन कां येतें, याचें उत्तर त्या रीतींत आहे. तेथें अध्यक्षाची निवड देशभरच्या मतांच्या बेरजेनें होत नाहीं. प्रत्येक राज्याला, काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत त्याचे जितके सभासद असतील, तितके निर्वाचक मिळतात. राजधानीचे ३ धरून एकूण ५३८ निर्वाचक होतात. त्यांपैकीं २७० ज्याला मिळतील तो अध्यक्ष. मेन व नेब्रास्का हीं दोन राज्यें वगळलीं तर, इतर ४८ राज्यांत ज्याला एक मत जास्त पडेल त्याला त्या राज्याचे सारे निर्वाचक मिळतात. कॅलिफोर्नियाचा किंवा वायोमिंगचा निकाल काय लागणार हें आज शाळेंतला मुलगाहि सांगेल. म्हणून उमेदवारांच्या सभा, जाहिराती व पैसा हीं सर्व पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, ॲरिझोना अशा मोजक्या राज्यांकडे वळतात. २००० सालीं देशभरांत अल गोर यांना ५ लाखांहून अधिक मतें जास्त पडलीं. पण फ्लॉरिडांत जॉर्ज बुश ५३७ मतांनीं पुढें राहिले आणि अध्यक्ष झाले. २०१६ सालीं क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मतें जास्त पडलीं. पण तीन राज्यांतील मिळून ८० हजारांहूनहि कमी मतांनीं निकाल फिरला. शंभरांतलीं ब्याण्णव माणसें आपल्या जागीं अढळ राहोत. उरलेल्या आठांपैकीं एखाददुसरें इकडचें तिकडे झालें, नाहीं तर घरींच बसलें, तरी पुरे होतें.

पण या सगळ्याच्या आधीं एक प्रश्न आहे. ज्याला मतदानाच्या दारांतच येऊं दिलें जात नाहीं, त्याच्या मताचें काय? १८७० सालीं वर्णावरून मताधिकार नाकारूं नये अशी दुरुस्ती घटनेंत झाली, आणि तरीहि दक्षिणेकडील राज्यांनीं मतपट्टी, वाचनाच्या परीक्षा व उघड दहशत यांच्या जोरावर काळ्या नागरिकांना जवळजवळ शंभर वर्षें बाहेर ठेविलें. १९६५ सालीं मताधिकाराचा कायदा झाला, त्यापूर्वीं मिसिसिपी राज्यांत काळ्या प्रौढांपैकीं शेंकडा ७ देखील मतदारयादींत नव्हते. १९६७ पर्यंत ते शेंकडा ६० च्या जवळ पोंचले. माणसें तींच होतीं, त्यांचीं मतेंहि तींच होतीं. दार तेवढें उघडलें. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या कायद्यांतील एक मुख्य कलम निष्प्रभ केलें, तेव्हांपासून दाराच्या रुंदीविषयींचा तंटा पुन्हां चालू झाला. भारतांत मतदारयादी करण्याचें काम निवडणूक आयोगाचें असतें; अमेरिकेंत नांव नोंदविण्याची खटपट परंपरेनें मतदाराचीच, आणि ती अलीकडे कांहीं राज्यांनीं आपल्याकडे घेतली आहे. मतदानाचा मंगळवार १८४५ च्या कायद्यानें ठरला. तेव्हां शेतकऱ्यांना गाडी जुंपून तालुक्याच्या गांवीं यावयास तो सोयीचा होता. आज तो देशभर सुटीचा दिवस नाहीं, म्हणून रोजंदारीवरील मजुराला तो गैरसोयीचा होतो.

आतां पुन्हां कानांकडे वळूं. १९४९ सालापासून अमेरिकेंत नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांवर असें बंधन होतें कीं, वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यांनीं लोकांपुढें मांडाव्या. १९८७ सालीं हें बंधन उठविलें गेलें. पुढें तारेवरून घरोघर जाणाऱ्या वाहिन्या वाढल्या, त्यांना तर हा नियम मुळीं लागूच नव्हता. आणि नंतर मोबाईल आला. एरी परगण्यांतील मतदारहि आपल्याच पक्षाचें ऐकत असे. पण तेव्हां वर्तमानपत्रें मोजकीं, नभोवाणी केंद्रें मोजकीं, आणि दुसऱ्या पक्षाचा एखादा शब्द इच्छा नसतांनाहि कानांवर पडत असे. आज ज्याला जें आवडतें तेंच त्याच्यापुढें आणणारीं यंत्रें आहेत. शेजारच्या जाणत्या माणसाची जागा, ज्याचें घर कोठें आहे हेंहि ठाऊक नाहीं अशा माणसानें घेतली आहे.

याचा एक परिणाम असा होतो कीं, बोलणारा ऐकणाऱ्याला ओढीत नाहीं, तर ऐकणाराच बोलणाऱ्याला ओढतो. २०२० सालीं जो बायडन निवडून आल्यावर मतयंत्रांत लबाडी झाली असे आरोप झाले. फॉक्स न्यूज या वाहिनीनें ते प्रक्षेपित केले. यंत्रें करणाऱ्या डोमिनियन कंपनीनें बदनामीचा दावा लावला. आंतील लोकांचा त्या आरोपांवर विश्वास नव्हता, पण प्रेक्षक दुसरीकडे निघून जातील ही धास्ती होती, असें दाव्यांत पुढें आलेल्या त्यांच्या आपसांतील पत्रव्यवहारावरून दिसलें. यंत्रांविषयींचीं तीं विधानें खोटीं आहेत असें न्यायाधीशांनीं ठरविलें, आणि एप्रिल २०२३ मध्यें ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन वाहिनीनें तंटा मिटविला. पानांत आवडीचें वाढलें नाहीं तर पंगत उठून जाईल, या भीतीनें वाढप्यानें काय वाढावें याचें हें उदाहरण आहे.

अशा स्थितींत निवडणुकीचा सर्वांत नाजूक भाग जो, तोच धोक्यांत येतो. जिंकलेल्या पक्षाला निकाल पटतोच. निवडणूक टिकते ती हरलेल्या पक्षाला निकाल पटला तर. आपल्या ओळखीच्या एकाहि माणसानें बायडन यांना मत दिलें नाहीं, आपण जें पाहतों व ऐकतों त्यांत त्यांचा विजय कोठेंच दिसला नाहीं, मग तो झाला कसा, असें ज्याला प्रामाणिकपणें वाटतें त्याला आंकडे पटविणें कठीण. साठांहून अधिक दावे न्यायालयांत गेले आणि जवळजवळ सारे फेटाळले गेले, तरी ६ जानेवारी २०२१ रोजीं जमाव राजधानींतील काँग्रेसच्या इमारतींत घुसला व मतांची मोजणी कांहीं तास बंद पडली. ती त्याच रात्रीं पुन्हां सुरू होऊन पहांटेपूर्वीं पुरी झाली.

ही मोजणी होते तेव्हां देशाचे उपाध्यक्ष अध्यक्षस्थानीं असतात आणि निकाल त्यांनींच जाहीर करावयाचा असतो. ६ जानेवारी १९६१ रोजीं त्या जागीं रिचर्ड निक्सन होते. केनेडी यांना ३०३ व आपणास २१९, हें त्यांनीं स्वतः सांगितलें. ६ जानेवारी २००१ रोजीं अल गोर यांनीं बुश यांचे २७१ आणि आपले २६६ सांगितले, तेव्हां फ्लॉरिडांतील ५३७ मतांची जखम ताजी होती. ६ जानेवारी २०२५ रोजीं कमला हॅरिस यांनीं ट्रम्प यांचे ३१२ व आपले २२६ सांगितले. पक्ष निरनिराळे, काळ निराळा. पण तिघांनींहि आपला पराभव आपल्याच तोंडानें, मोठ्यानें, सर्वांना ऐकूं जाईल असा उच्चारला.

मतदारराजा कानाचा हलका नाहीं, हें एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून दिसतें. त्याचें मत घरांत, वस्तींत आणि चुलीपाशीं तयार होतें, आणि तें तसें असण्यांत वावगें कांहीं नाहीं. वावगें होतें तें त्याचा एकच कान उघडा राहिला तर. ज्या कानानें आपल्या माणसाचा जयजयकार ऐकावयाचा, त्याच्या शेजारचा दुसरा कान न आवडणारा आंकडा ऐकण्यासाठीं असतो. तो बंद झाला, तर मतपेटींत मत पडूनहि निवडणूक पुरी होत नाहीं.